सीमेवर नेण्याआधी गावच्या ठाण्याला विचारा

महोदय,

पोलिस खात्यातली माझी अखेरची वर्षे पासपोर्ट पडताळणीच्या कामात गेली. अर्जदार वर्षभरात दुसऱ्या जिल्ह्यात राहिलेला असेल, तर तिथल्या ठाण्याचा अहवाल येईपर्यंत कागद पुढे सरकत नसे. लोक चिडायचे, ओळखी काढून फोन करायचे; पण अहवालाशिवाय सही होत नसे.

म्हणूनच जून २०२५ मध्ये मिरा रोडला जे घडले ते मला अजून पचलेले नाही. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा एक गवंडी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी ताब्यात घेतला, सीमा सुरक्षा दलाकडे दिला आणि काही दिवसांत तो सीमेपलीकडे ढकलला गेला. बंगाल सरकारने धावपळ केल्यावर तो भारतीय म्हणून परत आला. महाराष्ट्रातून असे परत आणावे लागलेले तो एकटाच नव्हता. पासपोर्टसाठी आपण गावच्या अहवालाची वाट पाहतो. माणसाला देशाबाहेर घालवताना का पाहिली नाही?

बेकायदा घुसलेले लोक आपल्या भागात आहेत, हे मी नाकारत नाही. बनावट आधार मी स्वतः हाताळले आहेत. नुसते आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले, आणि ते बरोबरच आहे. पण मग तपास गावापर्यंत न्यायलाच हवा. आईवडिलांची मतदार यादीतली नावे, जमिनीचा उतारा, शाळेचे रजिस्टर हे सारे तिथे असते, मिरा रोडच्या झोपडीत नसते. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने त्या माणसावरच टाकली आहे. १९४६ च्या कायद्यात ती होती, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. कोठडीत बसलेला, मराठी न येणारा मजूर दोन-चार दिवसांत ती कशी पार पाडणार?

हे पहिल्यांदा घडत नाही. जुलै १९९८ मध्ये बांगलादेशी ठरवून मुंबई पोलिस कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने नेत असलेल्या लोकांना पश्चिम बंगालमधल्या उलुबेरिया स्थानकात जमावाने सोडवून घेतले होते. मी तेव्हा शिपाई होतो. खात्याची झालेली ती शोभा आम्हा सगळ्यांना लागली होती.

अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करा, असे संविधानाचा अनुच्छेद २२ सांगतो. ‘फक्त चौकशीला आणलाय’ म्हणून ठाण्यात बसवून ठेवलेल्यालाही तेच लागू व्हावे. गृह विभागाने लेखी आदेश काढावा: मूळ गावच्या ठाण्याचा लेखी जबाब आणि दंडाधिकाऱ्यांचा हुकूम असल्याशिवाय कोणालाही सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करू नये, नातेवाइकांना प्रत द्यावी, आणि हवाली करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व वेळ स्टेशन डायरीत नोंदवावी.

— एक निवृत्त सहायक फौजदार, भाईंदर (पूर्व)