सगळं लोखंड एकाच स्फोटातून आलेलं नाही

संपादक साहेब,

नमस्कार. रविवारच्या पुरवणीतला 'आपण सगळे ताऱ्यांची धूळ' या अर्थाचा लेख वाचला. आवडला, घरात सगळ्यांना वाचूनही दाखवला, पण एक गोष्ट राहून राहून खटकतेय म्हणून लिहितोय. लेख वाचून असं चित्र उभं राहतं की मोठे तारे फुटले, कार्बन, ऑक्सिजन, लोखंड, सोनं सगळं एकदम बाहेर पडलं, वायूत मिसळलं आणि दीर्घिका (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समूह) म्हातारी होत गेली तसतशी जड मूलद्रव्यं वाढत गेली. यातलं अर्धं बरोबर आहे पण उरलेलं अर्धं जास्त भारी आहे आणि तेच नेमकं सुटलंय.

सुरुवातीला विश्वात साधारण तीन चतुर्थांश हायड्रोजन, एक चतुर्थांश हेलियम आणि अगदी चिमूटभर लिथियम, बस्स. बाकीचं बहुतेक सगळं ताऱ्यांनी शिजवलं, हे १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल (आपल्या नारळीकरांचे गुरू) यांनी सविस्तर मांडलं. पण शिजायला लागणारा वेळ प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा आहे. सूर्याच्या आठपटीहून जड तारे काही कोटी वर्षांच्या आतच फुटतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन भरभरून देतात, लोखंड त्यामानाने कमी. लोखंडाचा मोठा वाटा येतो तो श्वेत बटू ताऱ्यांच्या (जळण संपल्यावर उरलेल्या घट्ट गाभ्यांच्या) स्फोटातून, आणि त्यासाठी आधी एखाद्या मध्यम ताऱ्याने आपलं आयुष्य संपवून श्वेत बटू व्हायला हवं, मग त्याला जोडीदार ताऱ्याकडून माल मिळायला हवा किंवा दोघांनी एकमेकांत मिसळायला हवं, यात कधी काही कोटी तर कधी कित्येक अब्ज वर्षं जातात. बेरियमसारखी मूलद्रव्यं म्हाताऱ्या फुगलेल्या ताऱ्यांतून सावकाश झिरपतात. आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठा तारा फुटल्यावर उरणाऱ्या अतिघट्ट गोळ्यांच्या) टकरीतून जड मूलद्रव्यं तयार होतात याचा पुरावा तर २०१७ मध्ये मिळाला.

म्हणजे मॅग्नेशियम आणि लोखंड यांचं प्रमाण हे एक घड्याळ आहे! जुन्या ताऱ्यात लोखंडाच्या तुलनेत मॅग्नेशियम जास्त, नंतर लोखंड पोचायला लागलं की ते प्रमाण खाली येतं. आपल्या आकाशगंगेची तबकडी बघितली तर तिच्यात दोन थर सापडतात, जाड थरातले तारे म्हातारे आणि मॅग्नेशियमवाले, पातळ थरातले तुलनेने तरुण. हा उशिरा येणाऱ्या लोखंडाचा हिशोब १९७९ मध्ये बिआट्रिस टिन्स्लीने नीट मांडला. न्यूझीलंडमध्ये वाढलेली ही बाई येल विद्यापीठात प्राध्यापक होती आणि १९८१ मध्ये अवघ्या चाळिशीत कॅन्सरने गेली, तिचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं ते. दीर्घिका म्हणजे झाकण लावलेला डबा नाही. डबा असता तर काय झालं असतं? सूर्याएवढे किंवा त्याहून लहान तारे खूप जगतात, त्यामुळे अगदी सुरुवातीला कमी धातूंच्या वायूतून झालेले असे तारे आजही ढिगाने दिसायला हवे होते. (खगोलवाले हेलियमच्या पुढचं सगळं 'धातू'च म्हणतात, अगदी ऑक्सिजनसुद्धा.) मोजणी केली तर सूर्याच्या आसपास असे तारे खूपच कमी निघाले, १९६० च्या दशकातच हे कोडं समोर आलं होतं. याचं सगळ्यात पटणारं उत्तर म्हणजे बाहेरून ताजा, जवळजवळ कोरा वायू तबकडीत सतत पडत राहिला, तबकडी हळूहळू भरत गेली आणि धातूंचं प्रमाण पातळ होत राहिलं; म्हणजे सुरुवातीला वायूच थोडा होता, म्हणून कमी धातूंचे तारेही थोडेच झाले. नाहीतरी आकाशगंगा दरवर्षी एक-दोन सूर्यांएवढे तारे बनवतेय, तिच्याकडचा वायू बाहेरून भर न पडता काही अब्ज वर्षांतच संपला असता. त्यामुळे 'वय वाढलं की धातू वाढले' असं सरळ म्हणून चालत नाही, एकीकडे भर पडतेय आणि दुसरीकडे पाणी घातलं जातंय, शिवाय स्फोटांच्या जोराने काही माल दीर्घिकेच्या बाहेरही उडून जातो, लहान दीर्घिकांत तर हे जास्तच.

त्यात जागेचाही फरक. मध्याजवळ तारे आधी आणि भरभर बनले म्हणून तिथे धातू जास्त, कडेकडे जावं तसे कमी. सूर्य मध्यापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. पण तारे जन्मले तिथेच राहत नाहीत, सर्पिल फाट्यांच्या ओढाताणीत ते आत-बाहेर सरकतात, सेलवुड आणि बिनी या खगोलशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हे दाखवलं. म्हणून सूर्याशेजारी एकाच वयाचे पण वेगवेगळ्या धातुप्रमाणाचे तारे सापडतात, आणि सूर्यही थोडा आतल्या बाजूला जन्मून इकडे आला असावा असा अंदाज आहे. आता युरोपच्या गाया या अंतराळयानाने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची जागा आणि बहुतेकांची गती मोजलीय, जमिनीवरच्या दुर्बिणी लाखो ताऱ्यांचे वर्णपट (प्रकाशाची रंगांत फोड, तिच्यावरून ताऱ्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं) घेतायत, त्यामुळे कोण कुठून आलं हे हळूहळू उलगडतंय.

माझी एकच विनंती. पुढच्या वेळी या विषयावर लेख छापाल तेव्हा स्फोटाचा रंगीत फोटो थोडा लहान करा आणि एक साधा आलेख द्या, आडवं लोखंडाचं प्रमाण, उभं मॅग्नेशियम भागिले लोखंड. रेषा आधी सपाट जाते आणि मग एका ठिकाणी वाकून खाली उतरते, त्या वाकलेल्या जागेला खगोलशास्त्रज्ञ चक्क 'गुडघा' म्हणतात, तिथे श्वेत बटूंचं लोखंड यायला लागलेलं असतं. शाळेतल्या मुलांनाही तो आलेख कळेल.

आपला,
एक नियमित वाचक