आमच्या गावच्या आशाताईंना

ताई, तुमच्या तोंडावर बोलायला गेलं की मला रडूच येतं, म्हणून लिहायलेय.

तीस वर्षापुढच्यांचा फॉर्म भरायला तुम्ही घरी आलात, माझ्या कमरेला टेप लावला आन तपासायला नेलंत तेव्हा मी 42 ची. तीन महिन्याची सरासरी शुगर (HbA1c) 10.2 निघाली. दवाखान्यात सांगितलं वेळेवर जेवा, जेवणाबरोबर गोळी घ्या. पण आमच्या घरात आधी गडीमाणसं जेवणार, मग लेकरं, मग सासूबाई आन मग मी, साडेदहाला, राहिलं असेल ते. गोळी मी आठलाच घ्यायची, तीबी चोरून, कारण लेक लग्नाची आहे आन आईला शुगर म्हणलं की स्थळं मागं सरतात.

नवरात्रात नऊ दिवसाचे उपवास धरले आन गोळीबी चालूच ठेवली. पाचव्या माळेला अंग थरथरायला लागलं, घामानं भिजले, काय बोलायले ते कळेना. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, त्यांना वाटलं देवी अंगात आली. तुम्ही पळत आलात, साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनटात मी भानावर. शुगर वाढते तशी उतरते पण, आन उतरली तर जीव जाऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही देवीला नाव नाही ठेवलंत ताई, सासूबाईंना पण नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी बसून वाती वळत वळत म्हणलात, "काकू, उठता-बसता उपवास बी तुळजाभवानीला पोचतो की, आन गोळीचं आधी डॉक्टरला विचारू." मग ताटाचं काढलंत. मला इतकी वर्षं जे बोलता आलं नाही ते तुम्ही त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं, त्याच म्हणल्या हिचं ताट आठला वाढा.

गुळाचा चहा चालतो, ज्वारीची भाकरी कितीबी खा असं सगळ्या गावासारखं मला पण वाटायचं. गुळानं पण शुगर वाढतेच आन तीन भाकरीनं पण, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. आता एक भाकरी, पालेभाजी आन मूठभर शेंगदाणे.

परवाचा रिपोर्ट 7.3 आलाय. लेकीच्या सासरच्यांना पण सगळं सांगून टाकलं, त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आन म्हणले आमच्याबी आईला आहे.

येळवसला, वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात यायचंच बरं का, भज्जी, उंडे, अंबील सगळं आहे, सासूबाईंनी मुद्दाम निरोप द्यायला सांगितलाय.