सर्व्हर रीस्टार्ट करू दिला नाहीत, त्याबद्दल

दादा, नमस्कार.

३० जुलैची रात्र. रिटर्न भरायला एकच दिवस उरलेला, आणि सर्व्हरवरची क्लायंट मास्टरची (सगळ्या क्लायंट्सच्या माहितीची) एक्सेल फाइल उघडेना. 'फाइल लॉक आहे', आणि खाली नाव ऑफिसातल्या आमच्या ताईंचं. त्या तर सहालाच घरी गेलेल्या, मशीनही बंद. तरी त्यांना फोन करून मी नको तेवढं बोललो. मग तुम्हाला फोन लावला, तोही परवानगीपुरता: सर्व्हर रीस्टार्ट करतोय.

"थांबा," तुम्ही म्हणालात, "पाच जण काम करतायत ना? आधी फाइल कुणाच्या हातात आहे ते बघू."

भर पावसात आलात. आमचं सर्व्हरचं लॉगिन सगळ्यांना एकच (हो, हे चूकच), त्यामुळे ओपन फाइल्सच्या यादीत सगळीकडे तेच नाव. तुम्ही पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड देण्याच्या खिडकीत) गेट-एसएमबीओपनफाइल ही कमांड चालवून फाइल कुठल्या आयपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या कुठल्या मशीनच्या पत्त्यावरून, उघडली आहे ते काढलंत. ते निघालं ताईंचं जुनं मशीन, जे आता आर्टिकलशिपच्या (सीएच्या प्रशिक्षणाच्या) मुलाकडे आहे. एक्सेल दाखवतं ते त्या मशीनवरच्या एमएस ऑफिसच्या सेटिंगमधलं नाव, आणि तिथलं ताईंचं नाव कुणी बदललंच नव्हतं. फाइल मिनिमाइझ करून मुलगा जेवायला गेलेला.

मी म्हटलं, सर्व्हरवरून बंद करून टाका. तुम्ही ऐकलं नाहीत. त्याला बोलावून फाइल सेव्ह करायला लावलीत. सकाळपासूनच्या नोंदी त्यात होत्या, जबरदस्तीने बंद केली असती तर त्या पाण्यात जाऊ शकल्या असत्या.

जाता जाता आधारच्या स्कॅनचा तो फोल्डरही सोडवलात, ज्याचं नाव आठवडाभर बदलत नव्हतं. आत एकही फाइल उघडी नाही, तरी 'वापरात आहे'. कुणीतरी तो मोठ्या आयकॉनमध्ये उघडा ठेवलेला आणि एक्सप्लोररने लपलेली थम्ब्स.डीबी (चित्रांच्या छोट्या झलकांची फाइल) धरून ठेवलेली. ती खिडकी बंद केली आणि नाव बदललं. एवढंच!

दुसऱ्या दिवशी ताईंची माफी मागितली. त्या हसल्या, पण चहा मात्र मलाच आणायला लावला. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवरचं नाव आता बरोबर केलंय. वेगळी लॉगिन्स तेवढी तुम्ही येऊन करून द्या. आणि त्या रात्रीचं बिल अजून आलेलं नाही, तेही घेऊन या.

मनापासून आभार.