दंतकथेला इतिहासाचा दाखला कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटनच्या दंतकथांमधील राजा आर्थरवरील चित्रपटांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. सीमाभागात वाचल्या जाणाऱ्या मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान द्यावे, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु लेखाच्या अखेरीस काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. २००४ साली आलेल्या ‘किंग आर्थर’ या चित्रपटाने जादू, चेटूक, सरोवरातील देवता हे सारे वगळून ‘खरा’ आर्थर दाखवला, म्हणून तो या विषयावरील सर्वांत प्रौढ चित्रपट होय आणि अद्भुत राखणारे बाकीचे चित्रपट मुलांच्या करमणुकीचे, असे लेखकाचे म्हणणे आहे. खानापूर तालुक्यातील एका हायस्कुलात मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि आर्थरच्या कथा वर्गात कितीतरी वेळा सांगितल्या, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम त्या ‘खऱ्या’ आर्थरविषयी. सहाव्या शतकातील गिल्डास या धर्मोपदेशकाने सॅक्सन आक्रमकांविरुद्ध बेडन येथे झालेल्या लढाईचा उल्लेख केला आहे, पण आर्थरचे नाव त्याने कोठेही घेतलेले नाही. नवव्या शतकातील ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात आर्थरच्या १२ लढायांची यादी येते; मात्र त्याच यादीत, बेडनच्या लढाईत आर्थरने एका हल्ल्यात एकट्याने ९६० माणसे लोळवली, असेही सांगितलेले आहे. म्हणजे इतिहास म्हणून जे हाती लागते, त्यातच अद्भुत येऊन बसले आहे. ते वेगळे काढू गेल्यास हाती फारसे काही उरत नाही. २००४ च्या चित्रपटाने ही रिकामी जागा एका तर्काने भरली. सम्राट मार्कस ऑरेलियसने इ. स. १७५ मध्ये ५,५०० सार्मेशियन घोडेस्वार ब्रिटनमध्ये धाडले होते आणि लुसियस आर्टोरियस कास्टस नावाचा एक रोमन अधिकारी ब्रिटनमध्ये होऊन गेला, या दोन गोष्टी जोडून पटकथाकाराने आर्थर आणि त्याचे सरदार उभे केले. पण हा कास्टस फार तर तिसऱ्या शतकापर्यंतचा, आणि चित्रपटाचा काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. शिवाय सॅक्सन लोकांची वस्ती ब्रिटनच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांवरून पसरत गेली असताना, या चित्रपटात ते उत्तर ब्रिटनमधील हेड्रियनच्या रोमन भिंतीच्याही उत्तरेला उतरतात. एका कल्पनेच्या जागी दुसरी कल्पना बसवायला माझी काहीच हरकत नाही. माझी हरकत दुसऱ्या कल्पनेला इतिहासाचा दाखला जोडून पहिलीला पोरखेळ ठरवण्याला आहे.

आर्थर घडला तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाता जाता, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकाला अधिक जवळची वाटेल असे मला वाटते. मुळात तो इंग्रजांचा राजा नव्हेच; इंग्रजांचे पूर्वज असलेल्या सॅक्सनांशी लढणारा तो ब्रिटन जमातीचा, म्हणजे आजच्या वेल्श लोकांच्या पूर्वजांचा वीर. जेफ्री ऑफ मॉनमथने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये त्याचे सविस्तर राजचरित्र रचले, वेसने ११५५ मध्ये ते फ्रेंच पद्यात आणताना आर्थरच्या सरदारांचे गोल मेज घातले, क्रेतियें द त्रोआ या फ्रेंच कवीने आर्थरची राणी आणि सरदार लान्सलॉट यांचे प्रेम आणि ग्रेल या पवित्र पात्राचे गूढ आणले, रोबेर द बोरोंने दगडावरच्या ऐरणीत रुतलेली तलवार आणली, आणि शेवटी सर थॉमस मॅलरी याने, जो स्वतःला बंदिवान सरदार म्हणवतो, १४७० च्या सुमारास हे सगळे इंग्रजी गद्यात एकत्र केले. विल्यम कॅक्स्टनने ते १४८५ मध्ये छापले. ज्यांच्याविरुद्ध तो लढला, त्यांच्याच वंशजांनी त्याला आपला राजा मानले. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला चौंडक्याच्या तालावर एकीकडे कन्नडमध्ये आणि दुसरीकडे मराठीत रेणुकेचे गाणे ऐकलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. देवी एकच, कोणी तिला यल्लम्मा म्हणतो, कोणी रेणुका, आणि गाण्यातले तपशील गावागणिक बदलतात. त्यातले खरे कोणते, असे मी तरी कोणाला विचारताना ऐकलेले नाही.

आता चित्रपटांकडे येतो. जॉन बूरमन यांचा, आर्थरच्या तलवारीचे नाव घेतलेला ‘एक्सकॅलिबर’ १९८१ साली आला. तो मी प्रथम टिळकवाडीत एका स्नेह्याच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. चित्र धूसर होते, संवाद नीट कळत नव्हते, तरीही त्या झाडांवर आणि चिलखतांवर पडलेला हिरवा उजेड आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. चित्रीकरण आयर्लंडमध्ये झाले. बूरमन यांनी मॅलरीचा आधार घेतला, पण त्याचे दास्य पत्करले नाही. ज्या अंधाऱ्या युगात लोखंडी कड्यांचे चिलखत लाभणेही भाग्याचे, तेथे त्यांचे सरदार पंधराव्या शतकातील चकचकीत पत्र्याच्या चिलखतात वावरतात, कारण मॅलरीने आपले सरदार आपल्याच काळातले कल्पिले होते. काटेकोर समीक्षकांनी याला चूक म्हटले तर म्हणोत. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, तेव्हा सिंहासनावरील महाराजांची मूर्ती महादरवाजाहून उंच असते आणि पायथ्याचा मावळा बुरुजाला भिडतो. तेथे कोणी फूटपट्टी काढत नाही, कारण महाराज त्या मुलांच्या मनात तेवढेच मोठे असतात.

या चित्रपटात मर्लिन जादूगार आहे आणि त्याबद्दल चित्रपटाला कोणताही संकोच वाटत नाही. निकोल विल्यमसन यांनी उभा केलेला हा मर्लिन कधी विदूषक, कधी भयंकर, आणि शेवटी थकलेला आहे. जुन्या देवांचे दिवस संपत आले आणि एकाच देवाचे आले, हे तो ओळखून आहे. राजा आणि त्याची भूमी एक आहेत, राजा खचला की शेते करपतात, हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. जादू काढून घेतली तर हा गाभा दाखवायचा कशाने? १९९५ च्या ‘फर्स्ट नाइट’मध्ये शॉन कॉनरी यांच्यासारखा भारदस्त नट आर्थर झाला होता, पण मर्लिन नाही, ग्रेल नाही, आणि मग उरला तो दोन पुरुष आणि एका स्त्रीचा साधा प्रेमत्रिकोण, जो कोणत्याही देशात, कोणत्याही पोशाखात घडू शकला असता.

लेखात एरिक रोमेर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९७८ च्या ‘पर्सेव्हाल ल गाल्वा’चे नावही नव्हते, ही मला मोठी उणीव वाटली. क्रेतियेंच्या काव्यावरचा हा चित्रपट पूर्णपणे स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांपुढे आणि धातूच्या झाडांमध्ये घडतो. गायकवृंद बाजूला उभा राहून कथा गातो, आणि पात्रे स्वतःविषयीच तृतीयपुरुषी बोलतात: ‘तो घोड्यावरून उतरला’ असे म्हणत नट घोड्यावरून उतरतो. पाश्चात्त्य प्रेक्षकाला हे विलक्षण वाटते. ज्याने देवळात कीर्तनकाराला क्षणात निवेदक आणि क्षणात हरिश्चंद्र होताना पाहिले आहे, गोकाककडच्या गावांत रात्रभर चालणाऱ्या श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्यात मागे उभ्या असलेल्या हिम्मेळाने, म्हणजे साथीच्या गायकांनी, नटाचे पद उचलून धरलेले ऐकले आहे, त्याला ही रीत घरचीच वाटेल. अद्भुत दाखवायला अफाट खर्च लागतो, हा समज या एका चित्रपटाने मोडीत निघतो. रोबेर ब्रेसाँ यांचा १९७४ चा ‘लान्सलो द्यू लाक’ याच्या अगदी उलट, चिलखतांच्या खणखणाटात आटून गेलेल्या श्रद्धेचा. पण त्यातही ग्रेलचा शोध फसल्याची सावली प्रत्येक दृश्यावर आहे, म्हणून तो कथेच्या बाहेर जात नाही.

अलीकडचे उदाहरण म्हणजे डेव्हिड लोअरी यांचा ‘द ग्रीन नाइट’, साल २०२१. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील २,५३० ओळींच्या एका अनामिक इंग्रजी काव्यावर तो बेतलेला आहे. ख्रिसमसच्या मेजवानीत एक हिरवा सरदार येऊन आव्हान देतो, आर्थरचा भाचा गवेन त्याचे मुंडके उडवतो, आणि तो सरदार आपले मुंडके उचलून, वर्षाने परतफेडीसाठी ये असे बजावून निघून जातो. हा चित्रपट मी माझ्या पुतणीच्या मुलीबरोबर पाहिला. या दृश्याला ती क्षणभरही अडखळली नाही. परशुरामाने आईचे शिर उडवल्याची आणि वर मागून ते पुन्हा जोडल्याची कथा तिने पणजीकडून ऐकलेली आहे. तिने मला विचारले ते एवढेच, की तो वर्षाने जाईल का. दिलेला शब्द जिवापेक्षा मोठा आहे का, हाच तर त्या काव्याचा प्रश्न आहे, आणि तुटलेले शिर बोलले नाही तर तो प्रश्न पडतच नाही. मूळ काव्यातील गवेन मोठ्या मानाचा सरदार आहे, तर देव पटेल यांनी उभा केलेला गवेन अजून सरदारही न झालेला, भित्रा आणि उनाड तरुण आहे. हा बदल मोठा आहे, पण प्रश्न अधिक धारदार करणारा आहे, म्हणून मी तो रूपांतराचा उत्तम नमुना मानतो. गवेनच्या आईच्या भूमिकेत सरिता चौधरी आहेत. आर्थरच्या दरबारात हे चेहरे परके वाटत नाहीत, याचे कारण ही कथाच कधी एका मुलखाची नव्हती.

लेखकाच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे. नुसते राक्षसी आकार म्हणजे अद्भुत नव्हे. २०१७ च्या ‘किंग आर्थर: लेजंड ऑफ द स्वोर्ड’मध्ये डोंगराएवढे हत्ती किल्ल्यावर चाल करून येतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काहीही आठवत नाही. कमतरता तेथे जादूची नव्हती, त्या जादूला धरून ठेवणाऱ्या माणसांची होती. याचा आदर्श शोधण्यासाठी आपल्याला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. १९२९ मध्ये शेजारच्या कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्याला गेलेल्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहावा. दामले आणि फत्तेलाल या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या जोडीने त्यात वैकुंठाला जाणारे विमान दाखवले. ते विमान आपल्याला पटते, कारण त्याआधी आपण मूल आजारी पडल्यावर पायतान हातात घेऊन विठोबाला जाब विचारणारी आवली पाहिलेली असते. चमत्कार आणि चूल एकाच चौकटीत ठेवण्याचे हे सामर्थ्य मराठी चित्रपटाने पुढच्या काळात फारसे जोपासले नाही, याचे मला दुःख आहे. आपल्या दंतकथा एकतर भक्तिपटांत अडकल्या, नाहीतर ‘खरा इतिहास’ म्हणून मांडल्या जाऊन वादात सापडल्या.

म्हणून आपल्या पुरवणीच्या चित्रपट-समीक्षकांना माझी विनंती आहे की, दंतकथेवरील चित्रपटाचे परीक्षण करताना ‘हे घडले होते का’ या प्रश्नाऐवजी ‘कथेतला कोणता धागा यांनी उचलला आणि तो शेवटपर्यंत नेला का’ हा प्रश्न घ्यावा. शक्य झाल्यास ‘संत तुकाराम’ आणि रोमेर यांचा चित्रपट शेजारी शेजारी ठेवून एखादा लेख लिहून घ्यावा.

एक दुरुस्तीही सुचवतो. दगडातून उपसलेली तलवार आणि सरोवरातील देवतेने दिलेली एक्सकॅलिबर एकच, असे लेखात म्हटले आहे. बूरमन यांच्या चित्रपटात ते तसे आहे. मॅलरीच्या कथेत मात्र पहिली तलवार राजा पेलिनोरशी झालेल्या द्वंद्वात मोडते आणि त्यानंतर मर्लिन आर्थरला सरोवराकाठी घेऊन जातो, तेव्हा पाण्यातून वर आलेल्या हातात दुसरी दिसते. पुढील अंकात ही नोंद द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव