सेल्फ थकला असेल तर बदला, मशीन खालून डायरेक्ट मारू नका

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मी जेसीबी, पोकलेन, रोलर, टिपर असल्या गाड्यांचे सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) आणि अल्टरनेटर दुरुस्त करतो. हे पत्र एकाच गोष्टीसाठी लिहितोय. सेल्फ थकलाय हे मालकाला माहीत असतं, ऑपरेटरला माहीत असतं, तरी मशीन तसंच साइटवर राबवतात आणि चालू करायची वेळ आली की हेल्परला सांगतात, "जा रे, खाली जाऊन डायरेक्ट मार." हे थांबायला पाहिजे. मशीनखाली येऊन माणूस गेल्याच्या बातम्या पेपरात दोन-चार ओळीत येतात, पण मशीन अचानक पुढे कसं आलं हे त्यात नसतं.

चावी फिरवली की आधी सोलेनॉइड (सेल्फवरचं विजेचं स्विच) ओढतो, पिनियन म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमधे बसतो आणि मग बॅटरीचा शेकडो अँपिअर करंट मोटरला जातो. चावी आणि सोलेनॉइडच्या मधे कंपनीने न्यूट्रलचं स्विच दिलेलं असतं, गिअर पडलेला असेल तर सेल्फ फिरतच नाही. डायरेक्ट मारायला खाली उतरून पाना नाहीतर स्क्रू ड्रायव्हर लावून सोलेनॉइडचे टर्मिनल जोडले की ते स्विच मधून बादच झालं. गिअरचा लिव्हर फॉरवर्डला राहिलेला असेल आणि हँडब्रेक ढिला असेल तर इंजिन पकडल्या पकडल्या साडेसात टनाचं जेसीबी चालायला लागतं, आणि डायरेक्ट मारणारा पोरगा त्यावेळी दोन चाकांच्या मधे वाकलेला असतो. त्याला मागे सरकायला जागाच नसते हो.

दुसरा प्रकार म्हणजे सेल्फ घेत नाही म्हणून इंजिन बंदच करायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत चालू, टिपर यायची वाट बघताना चालू, दिवसभर डिझेल जळतंय. 2017 ला गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना सुरू झाली तेव्हा गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने न्यायचा आणि मशीनच्या डिझेलचा खर्च सरकारने द्यायचा असं ठरलं होतं. म्हणजे अशा कामावर थकलेल्या सेल्फपायी जळणाऱ्या डिझेलचं बिल पब्लिकच्या पैशातून जायचं, आणि मालकाला त्याचं काहीच वाटायचं नाही कारण त्याच्या खिशातून जायचं नाही.

मालकांची अडचण मला कळते. सीझन उन्हाळ्याचा, मशीन तासावर चालतं, अर्धा दिवस उभं राहिलं की भाडं बुडतं आणि ठेकेदार दुसरं मशीन बोलावतो. पण सेल्फ एका रात्रीत जात नाही, आधी सांगतो. चावी मारल्यावर नुसतं टकटक वाजत असेल तर बॅटरी उतरलीय, कनेक्शन ढिलं आहे किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत. मोटर सुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही म्हणजे बेंडिक्सचा (पिनियन ज्यावर बसतो त्या भागाचा) क्लच स्लिप होतोय. खरखर करून दात घासल्याचा आवाज आला तर पिनियन नाहीतर रिंग गेली, आणि तिथे मात्र एक दिवससुद्धा थांबू नका कारण रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो खर्च सेल्फच्या कितीतरी पुढे जातो. जड फिरतोय, गरम होतोय, जळका वास येतोय, तर कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) संपलेत किंवा बुश घासून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आत टेकतंय. खडी क्रशरवरच्या मशीनला हे लवकर होतं, धूळ आत जाऊन बसते.

आणि सेल्फ बदलायच्या आधी बॅटरी बघा. माझ्याकडे येणारे बरेच सेल्फ चांगलेच असतात. चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी साधारण 12.6 दाखवते, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली यायला लागली तर आधी तिलाच चार्ज करून तपासा. पोकलेनला दोन बॅटऱ्या सिरीजमधे असतात, 24 व्होल्टसाठी, तिथे एक नवीन एक जुनी घातली की नवीन पण खराब होते. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खरवडा, बॅटरीची मायनस बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी बघा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबाला आणि दुसरी सेल्फच्या जाड टर्मिनलला लावून सेल्फ मारायला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर फरक आला तर दोष केबलचा आहे. हे सुद्धा ऑपरेटर सीटवर आणि गिअर न्यूट्रलला असतानाच करायचं.

बदलताना मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीला टेकवून, हँडब्रेक लावून, चाकाला दगडाची उटी लावून, चावी काढून खिशात. बॅटरीची मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची, हे सगळ्यांना माहीत असतं पण घाईत कुणी करत नाही आणि मग जाड केबल बॉडीला टेकून ठिणगी उडते. मोठ्या पोकलेनचा सेल्फ बराच जड असतो, शेवटचा बोल्ट काढताना खाली दुसरा माणूस पाहिजेच. सेल्फ निघाला की त्या भोकातून रिंग बघा, इंजिन बारने हळूहळू फिरवत पूर्ण एक फेरा बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागी थांबतं, सहाचं तीन जागी, त्यामुळे रिंगचे दात तिथेच जास्त घासतात आणि एकाच जागी बघितलं तर रिंग ठणठणीत वाटते. नवीन सेल्फचे व्होल्ट, दातांची संख्या, फिरायची दिशा जुन्याशी जुळवून घ्या. बसायच्या जागेवरचा गंज आणि रंग साफ करा, कारण बहुतेक सेल्फचं अर्थिंग बॉडीतूनच जातं. आर्मेचर शाबूत असेल तर कार्बन, बुश, सोलेनॉइड टाकून जुनाच सेल्फ परत चांगला चालतो, नवीन घ्यायला लावणाऱ्याचं ऐकायची गरज नाही. पण वाइंडिंग (आतली तांब्याची गुंडाळी) जळलं असेल तर थुकपट्टी करू नका. आणि नवा असो की जुना, दहा-पंधरा सेकंदाच्या वर सलग मारू नये, मधे दोन मिनिटं तरी थंड होऊ द्या.

बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी 1996 चा कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय, पण छोट्या साइटवर मशीन चालू कसं होतं हे बघायला कोण येतंय. म्हणून माझी विनंती सरपंच, ग्रामसेवक आणि कामावरच्या इंजिनिअर लोकांना आहे. तळ्यावर, रस्त्यावर मशीन आलं की पहिल्या दिवशी ऑपरेटरला सीटवर बसून चावीने दोन वेळा बंद-चालू करून दाखवायला सांगा, हेल्परला तेव्हा लांब उभा करा. चावीने चालू झालं नाही आणि कुणी पाना घेऊन खाली उतरायला लागला तर मशीन त्याच दिवशी परत पाठवा, आणि सेल्फ बदलून आल्याशिवाय त्याचे तास लिहू नका.

आपला,
एक सेल्फ-डायनामो मेकॅनिक, कराड