गुलाबी बुरशीची ज्वारी धुऊन भागत नाही

महोदय,

परतीच्या पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी थोडी स्वस्तात मिळते, म्हणून ठाणे-नवी मुंबईत अनेक घरी ती घेतली जाते. दोन पाण्यांनी धुवायची, गच्चीत वाळवायची आणि गिरणीत टाकायची, हा सर्रास चालणारा उपाय पुरेसा नाही. धुतल्याने वरची बुरशी जाते. तिने दाण्यात सोडलेले फ्युमोनिसिन हे विष बरेचसे आतच राहते.

रंगाबाबतही मोठा गैरसमज आहे. ग्राहक काळे दाणे नाकारतो. तो काळेपणा बहुधा कर्व्ह्युलारिया बुरशीचा असतो. फ्युमोनिसिन बनवणारी फ्युझेरियम पांढरट-गुलाबी असते आणि घाईत नजरेतून सुटते. मूठभर ज्वारी पांढऱ्या कागदावर पसरून खिडकीशी न्यावी. दाणा कणसाला चिकटतो त्या टोकाला गुलाबी झाक किंवा कापसासारखी लव दिसली, दाणा नखाने दाबताच भुसभुशीत फुटला, तर तो माल परत करावा. दिसायला चांगल्या दाण्यातही थोडे विष असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

हे विष करते काय? त्याची घडण आपल्या पेशीतल्या स्फिंगॅनिन या कच्च्या मालासारखी असते. त्यामुळे सिरॅमाइड सिंथेज हे एन्झाइम फसते, पेशीच्या आवरणाला लागणारी स्निग्ध द्रव्ये बनणे थांबते आणि न वापरलेले स्फिंगॅनिन साठून पेशीलाच मारक ठरते. घोड्याच्या मेंदूतला पांढरा भाग यामुळे विरघळल्यासारखा होतो, डुकरांच्या फुप्फुसात पाणी भरते. माणसांचा अनुभव दूरचा नाही. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर पाहणी केलेल्या ५० पैकी २७ गावांत पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाबाचे रुग्ण आढळले. भिजून बुरशी आलेल्या ज्वारी-मक्याची भाकरी खाणाऱ्या घरांतच ते होते, आणि ते धान्य बंद होताच बरे झाले. त्या ज्वारीत किलोला ७.८ मिलिग्रॅमपर्यंत फ्युमोनिसिन बी-१ सापडले होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ५० किलोच्या बाईला १००. ज्वारीत किलोला अर्धा मिलिग्रॅम विष असेल, तर २०० ग्रॅम पिठाच्या तीन-चार भाकऱ्यांतच ती मर्यादा गाठली जाते. आम्हाला काळजी वाटते ती गर्भवतींची. फोलेट हे जीवनसत्त्व पेशीत घेणारी व्यवस्था याच आवरणात असते, ती बिघडली की गर्भाच्या मज्जानलिकेत, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात त्या नळीत, दोष राहण्याची भीती असते. ही नलिका गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

भाजल्याने सुटका नाही. भाकरी फुगते ती आतल्या वाफेने, म्हणजे आतले तापमान १०० अंशांच्या आसपासच असते. फ्युमोनिसिन १५० अंशांपर्यंत फारसे ढळत नाही.

संशय असलेली ज्वारी टाकून देणेच बरे. एरवीही ज्वारी घेतल्यावर चाळून तूस, धूळ, चुरा काढून टाकावा, कारण विष तिथेच जास्त साठते. मग भरपूर पाण्यात ढवळून तरंगणारे हलके दाणे फेकावेत. ते कबुतरांना किंवा घोड्यांनाही घालू नयेत. धुतलेली ज्वारी पंख्याखाली पातळ पसरून त्याच दिवशी वाळवावी. उन्हातली गरम ज्वारी लगेच कोठीत भरली तर झाकणाखाली घाम धरतो आणि अफ्लाटॉक्सिन हे विष बनवणाऱ्या दुसऱ्याच बुरशीला वाट मिळते. आधी निवू द्यावी. ओल तपासायला कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश ज्वारी आणि दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे, पंधरा मिनिटांनी पाहावे. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, ती ज्वारी साठवू नये.

शक्य असेल तर रब्बीची मालदांडी घ्यावी. ती कोरड्या हवेत पिकते, त्यामुळे दाण्यावर बुरशी क्वचितच येते. पण दुकानातल्या पोत्यावर हंगाम लिहिलेला नसतो. वाशीच्या दाणा मार्केटमध्ये येणाऱ्या ज्वारीच्या प्रत्येक पोत्यावर खरीप की रब्बी हे लिहिणे सक्तीचे करावे आणि खरिपाच्या मालाचे नमुने ऑक्टोबर ते डिसेंबर फ्युमोनिसिनसाठी तपासावेत, अशी आमची बाजार समिती आणि अन्न व औषध प्रशासनाकडे मागणी आहे.

– धान्य तपासणीच्या कामातील काही वाचक, तुर्भे, नवी मुंबई