पेनस्टँड नको, कचऱ्याचं खरं शिक्षण द्या

मा. संपादक,
सनविवि.

माझा मुलगा दुसरीत आहे. मागच्या महिन्यात वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला की सोमवारी ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा आहे, प्रत्येकाने एक वस्तू करून आणायची. मग काय, रविवारी संध्याकाळी कोल्ड्रिंकची बाटली कापून पेनस्टँड केला, त्याला सोनेरी रंग, चमकी, ग्लू गन, आणि हे सगळं सामान दुकानातून नवीन विकत आणलं, तिथेही वर्गातले चार पालक भेटलेच. पंधरा दिवसांत तो स्टँड मोडला म्हणून मी सुक्या कचऱ्यात टाकला. सकाळी कचरा न्यायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई आल्या, त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "नुसती बाटली दिली असती तर भंगारात गेली असती ताई, आता हे कोण घेणार?"

मुलगा शेजारीच उभा होता. मला फार वाईट वाटलं, कारण रिसायकलिंग शिकवायच्या नावाखाली आम्ही एक चांगली बाटली कायमची कचऱ्यात घातली होती.

पुण्यात 2008 पासून स्वच्छचे कचरावेचक दारोदार येतात, ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था आहे आणि सुका कचरा निवडून विकला की ते पैसे त्यांना मिळतात. पण मुलांना पुस्तकात फक्त हिरवा डबा आणि निळा डबा माहीत. शाळेतही दोन डबे आहेत, पण मधल्या सुट्टीनंतर बघा, दोन्हीत पोळीचे तुकडे आणि वेफर्सची पाकिटं एकत्र, आणि शेवटी दोन्ही डबे एकाच गोणीत रिकामे होतात. मुलं हे रोज बघतात, ती तेच शिकणार ना? आपला असाच मिक्स कचरा पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी आणि फुरसुंगी गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलाय, हेही मुलांना जरूर सांगावं.

माझं म्हणणं एवढंच की स्पर्धा बंद करा आणि कचरावेचक ताईंना वर्गात बोलवा. वेफर्सचं पाकीट आतून चकचकीत का असतं, त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात म्हणून ते वेगळे करता येत नाहीत आणि भंगारवाला घेत नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर मुलं विसरणार नाहीत. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा, कारण तो चिमुकला तुकडा नंतर कोणाच्याच हाताला लागत नाही, हे ताईंनी माझ्या मुलाला दारात उभ्या उभ्या दाखवलं, आता रोज सकाळी पिशवी तोच कापतो (कात्री मी धरते). आणि डब्यातल्या उरलेल्या पोळीभाजीसाठी शाळेच्या मागे एक भोकं पाडलेला ड्रम, खाली नारळाच्या शेंड्या, वर वाळलेला पाला, थोडं आंबट ताक, एवढं पुरे आहे, यासाठी वेगळं बजेट लागत नाही.

मुख्याध्यापक बाईंना मी पत्र दिलंय. आमच्या ताई शाळेत यायला तयार आहेत, फक्त सकाळचा कचरा गोळा करून आणि निवडून झाल्यावर, म्हणजे दुपारी दोननंतर. शाळा साडेबाराला सुटते, तेवढं एक दिवस जुळवून घ्यावं ही विनंती.

- एक पालक, सिंहगड रोड, पुणे